अभयारण्यातल्या गावाचा सामूहिक वनहक्क दावा: पहिल्या ग्रामसभेपासून अधिकारपत्रापर्यंत

आमचं गाव भीमाशंकर अभयारण्यात आहे. अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, १३० चौरस किलोमीटरचं, मुख्यतः शेकरूसाठी, म्हणजे झाडावर राहणाऱ्या मोठ्या खारीसाठी. गाव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. चौसष्ट उंबरे, सगळे महादेव कोळी. पावसाळ्यात भात, आणि रोख पैसा हातात येतो तो हिरड्याचा. ३० जानेवारी २०२५ ला आमच्या ग्रामसभेच्या नावाने सामूहिक वनहक्काचं, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याच्या नि राखण्याच्या हक्काचं, अधिकारपत्र मिळालं. पहिल्या ग्रामसभेपासून तीन वर्षं चार महिने लागले. या सगळ्या काळात मी वनहक्क समितीची सचिव होते, त्यामुळे कागदांची पिशवी माझ्याकडे असायची. ज्या गावांनी अजून सुरुवात केलेली नाही किंवा जी मध्येच अडकली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गावाचं नाव घालत नाही, ग्रामसभेचं तसं ठरलं आहे.

सुरुवात चक्रीवादळाने झाली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. घरांचे पत्रे उडाले, ते पंधरा दिवसांत पुन्हा बसवले. पण हिरड्याची जुनी झाडं मुळासकट आडवी झाली. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा बांधावरच्या, मालकीच्या झाडांची मोजदाद झाली. मग आम्ही त्यांना वरच्या रानात नेलं. तिथे एका पडलेल्या झाडाजवळ उभं राहून त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?" माझ्या आजीने त्या झाडाचा हिरडा साठ वर्षं वेचला होता. तरी आमच्यातल्या कुणालाच त्या प्रश्नाचं कागदावर लिहिता येईल असं उत्तर देता आलं नाही.

त्या पावसाळ्यात मी २००६ चा वनहक्क कायदा पहिल्यांदा नीट वाचला. अभयारण्यात हा कायदा लागू नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. कायद्यातल्या 'वनजमीन' शब्दाच्या व्याख्येतच अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान ही दोन्ही नावं लिहिलेली आहेत. कलम २, एवढं लक्षात ठेवा, ते पुढे दहा ठिकाणी लागतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. कर्नाटकात बिलिगिरी रंगाच्या डोंगरातल्या सोलिगा आदिवासींना २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या रानात तो मिळाला, हे मला तेव्हाच कळलं. वाघाच्या रानात होतं तर शेकरूच्या रानात का नाही, असं मी ग्रामसभेत विचारलं.

त्या ग्रामसभेचा कोरम मात्र भरलाच नाही. २ ऑक्टोबर २०२१ ची गोष्ट. आमच्या मतदार यादीत २१२ माणसं. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. आमची ८१ जमली. पुन्हा महिन्याभराने बोलावली, तेव्हा भात कापणी चालू होती, ६० आली. बाया दिवसा येऊच शकत नव्हत्या, हे आमच्या उशिरा ध्यानात आलं. तिसरी सभा ८ डिसेंबरला संध्याकाळी सात वाजता, शाळेच्या पडवीत, चुली विझवून झाल्यावर घेतली. १२७ आले, त्यात ५८ बाया. तुमच्याकडे कोरम भरत नसेल तर आधी वेळ बदलून बघा. आणि ही सभा ग्रामपंचायतीची नाही, वाडीची किंवा गावाची असते. आमच्या ग्रामपंचायतीत पाच वाड्या आहेत, पंचायतीच्या पातळीवर केली असती तर कोरम जन्मात भरला नसता.

त्याच रात्री समिती नव्याने निवडली. २००८ मध्ये एक समिती झाली होती, पण ती वहीत होती, गावात नव्हती. तिच्यातले तीन जण वारले होते आणि एकाला आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं. दहा ते पंधरा माणसं, दोन तृतीयांश आदिवासी, एक तृतीयांश बाया, असा नियम. आम्ही पंधरा केले, सहा बाया. इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घ्यायला रात्रीचे अकरा वाजले.

जानेवारी २०२२ मध्ये प्रांतांच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात पहिला अर्ज दिला, नकाशांसाठी. जंगलाचे आणि महसुलाचे नकाशे, तसंच मतदार यादी ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे, वनहक्क नियमांतल्या नियम ६ मध्ये तसं आहे. दाव्याचे नमुनेही फुकट मिळाले पाहिजेत. वैयक्तिक दाव्याला नमुना अ, सामूहिक हक्काला ब, आणि सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण नि व्यवस्थापन मागायचं असेल तर क. आम्ही ब आणि क दोन्ही भरले. नकाशे दहा आठवड्यांनी मिळाले. तोवर चार फेऱ्या झाल्या. पहाटेची एसटी पकडायची, अकराला पोचायचं, साहेब बैठकीला गेलेत असं ऐकायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. दुसऱ्या फेरीपासून मी एक सवय लावून घेतली: तोंडी काही विचारायचं नाही. दोन ओळींचा का होईना अर्ज लिहायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पुढे आमचा दावा टिकला त्यात या शिक्क्यांचा वाटा मोठा आहे.

मार्च २०२२ मधली शिव चालणी, म्हणजे गावाची हद्द पायी फिरून नोंदवणं, मला आयुष्यभर पुरेल. तीन दिवस लागले. समितीतली माणसं, माझा थोरला चुलता ज्याला सगळा गाव बाबा म्हणायचा, आजी, आणि फोनमध्ये जीपीएस घेतलेली दोन पोरं. बाबा पुढे. तो काठी टेकायचा आणि नाव सांगायचा: वाघोबाची शिळा, पिसाचा दरा, म्हातारीचं पाणी. पोरं तिथे बिंदू नोंदवायची. पिसाच्या दऱ्यात मला पिसाचं एकही झाड दिसलं नाही. बाबाने गवत बाजूला केलं, खाली हाताच्या वीतभर उंचीची दोन रोपं होती. "मोठी झाडं माझ्या बापाच्या वक्ताला कोळशाला गेली," तो म्हणाला, "ही आपली आपण आलीत." म्हातारीच्या पाण्याजवळ आजी बसली ती उठेचना. दगडाच्या खोबणीतून पेन्सिलीएवढी धार, वर उंबर. मार्च असूनही पाणी गार. लग्न होऊन आली त्या वर्षी गावातली विहीर आटली होती, तेव्हा अडीच महिने ती इथून डोक्यावर पाणी नेत होती. हे मी त्या दिवसापर्यंत कधीच ऐकलं नव्हतं.

खरी कसोटी कचेरीत नव्हती, ती शेजारच्या दोन गावांबरोबर होती. डोंगराच्या एका धारेवरचा हिरडा तीन गावं वेचतात. नकाशावर रेघ ओढायची म्हटल्यावर मावश्या-आत्यांच्या नात्यातली माणसं एकमेकांशी तुटक बोलायला लागली. माझ्या मामाने मला फोन करून विचारलं, "तुम्ही आम्हाला धारेवर येऊ देणार नाही का?" अशा वेळी दोन्हीकडच्या समित्यांनी एकत्र बसून, कुणाचा काय वापर आहे ते लेखी ठरवायचं असतं, ते नियमातच आहे. आम्ही वाघोबाच्या शिळेपाशी बसलो. धार तिघांची, हंगामात तिघांनी वेचायचं, रक्षण तिघांनी करायचं, असं लिहून तिन्ही समित्यांच्या सह्या झाल्या. तो एक पानाचा कागद करायला पाच बैठका लागल्या. घाई करून हे पान टाळू नका. कचेरीत तुमच्याविरुद्ध शेजारच्या गावाचा अर्ज पडला तर दावा तिथेच अडकून बसतो.

पुरावे किमान दोन लागतात, आम्ही नऊ जोडले. गावनकाशा, जुने फेरफार, जनगणनेतली गावाची नोंद, १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमधली महादेव कोळ्यांबद्दलची पानं, देवराईचे आणि मसणवट्याचे फोटो, आणि चार म्हाताऱ्या माणसांचे जबाब. जबाबांबद्दल पुढे सांगते, तिथे आमची फार मोठी चूक झाली.

प्रत्यक्ष पाहणीसाठी वन आणि महसूल दोन्ही खात्यांना आधी लेखी कळवायचं. आम्ही एप्रिलमध्ये कळवलं, त्या दिवशी कुणी आलं नाही. आम्ही पाहणी केली, गैरहजेरी इतिवृत्तात लिहिली आणि पुन्हा तारीख दिली. आम्ही हजर नव्हतो अशी हरकत खात्याने नंतर घेतली तर त्यांच्यासमोर फेरपाहणी करायची, आणि तेव्हाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम, असं नियम १२अ सांगतो. ५ मेच्या तारखेला मात्र वनरक्षक आला. तरुण मुलगा, विदर्भातला. तो पहिल्यांदा तुटकच होता. दुपारी भाकरी खाताना त्याने मनातलं सांगितलं. त्याला भीती हिरड्याची नव्हती, फांद्यांची होती. झटपट वेचायला मिळावं म्हणून लोक फांदी तोडून खाली पाडतात. शेकरू जमिनीवर उतरायला बघत नाही, झाडावरून झाडावर जातो. एक फांदी गेली तर त्याची वाट मोडते. त्याने आम्हाला एका आंब्यावर तीन घरटी दाखवली, काटक्यांचे गोल भारे, आणि सांगितलं की एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतो. आमच्या दोन बाया काहीच बोलल्या नाहीत, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. गेल्या दहा वर्षांत आमच्याकडेही फांद्या तुटायला लागल्या होत्या. बाबा एवढंच म्हणाला, "आमच्या टायमाला हिरड्याला कुऱ्हाड लावली तर दंड व्हता. नारळ आन् शिधा."

हा दंड कुणी मोडीत काढला नव्हता. जंगल आपलं नाही म्हणून आपला नियमही नाही, असं हळूहळू होत गेलं. वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यातली वनोपज घरच्या गरजेपुरती, विकायची नाही. मग हिरडा पिशवीच्या तळाशी, वर कपडे, असा बाजाराला जायचा. लपूनछपून घ्यायची वस्तू माणूस ओरबाडून घेतो. मी स्वतः तसा हिरडा नेला आहे. जंगल राखायचं तर माणसांना बाहेर काढा, असं म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे: आम्हाला चोर ठरवल्यावर जंगलाचा राखणदार एकाने वाढला नाही, हजार एकराला होते तेवढे सगळे कमी झाले.

त्या रात्री नमुना क भरताना आम्ही जोडपत्र म्हणून आमचे नियमही लिहिले. ते बंधनकारक नव्हतं. पण कायद्याच्या कलम ५ मध्ये वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता यांचं रक्षण करायचा अधिकार नि जबाबदारी ग्रामसभेला दिलेली आहे, आणि शिकारीचा हक्क या कायद्यात नाही. मग ते आपल्याच हाताने लिहिलेलं बरं. ठरावाची ग्रामसभा वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी, २२ ऑक्टोबर २०२२ ला झाली. आदल्या दिवशी गुराख्यांनी शिळेपाशी वाघोबाला खिरीचा नैवेद्य दाखवला होता. ठरावाला १३४ माणसं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दावा उपविभागीय समितीकडे दिला. दोनशे अकरा पानं. प्रत्येक पानाला क्रमांक घाला, अनुक्रमणिका करा, आणि सगळ्याचा एक संच शाळेच्या कपाटात ठेवा. आम्ही शिवाय सगळं फोनवर स्कॅन करून तीन जणांकडे ठेवलं होतं.

मग आठ महिने काहीच नाही. दर महिन्याला एक अर्ज, "दाव्याची सद्यस्थिती कळवावी." या काळात गाव थंड पडतं. लोक विचारतात, पैसे कुठे गेले. आम्ही घरटी शंभर रुपये काढले होते, म्हणजे ६,४००, आणि नंतर प्रत्येक घराने किलोभर सुका हिरडा दिला होता. खर्च फळ्यावर लिहून ठेवायला लागलो. झेरॉक्स, एसटी, नकाशाच्या मोठ्या प्रिंटा, पाहणीच्या दिवसांचं जेवण. शेवटपर्यंतचा एकूण खर्च १४,२६० रुपये झाला. यात कुणालाही दिलेला एक रुपया नाही. दाव्याला फी नाही, तेव्हा कुणी मागितली तर पावती मागा.

जुलै २०२३ मध्ये दावा परत आला. तीन त्रुटी. नकाशावर अक्षांश-रेखांश छापलेले नाहीत. क्षेत्र अभयारण्यात असल्याने अभिप्राय आवश्यक. आणि एका जबाबावर अंगठा फक्त शेवटच्या पानावर, आधीच्या पानांवर नाही. तो जबाब बाबाचा होता. बाबा मे महिन्यात गेला.

ते पत्र वाचून मी कचेरीच्या बाहेर बाकावर बराच वेळ बसले. चार पानं होती. त्या संध्याकाळी शाई सुकत आली होती आणि बाबा दमला होता, म्हणून बाकीच्या पानांवर उद्या घेऊ म्हटलं आणि राहून गेलं. ज्याला सगळी शिव पाठ होती त्याचाच जबाब अपुरा ठरला. कृपा करून हे वाचणाऱ्यांनी एवढं करा: म्हाताऱ्या माणसाचा जबाब ज्या दिवशी लिहाल त्याच दिवशी, त्याच बैठकीत, दर पानावर अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. आणि बोलताना फोनवर चित्रण करा. आमच्या पोरांनी शिव चालणीत बाबाचं चित्रण केलं होतं, त्यानेच वाचवलं. आम्ही ते सीडीवर घालून दिलं, ग्रामसभेच्या ठरावाने प्रमाणित केलं, आणि आजीचा पुरवणी जबाब जोडला. अभयारण्याच्या मुद्द्याला कलम २ ची प्रत. दावा ग्रामसभेकडे कारणांसह परत आला होता, फेटाळलेला नव्हता, हेही समजून घ्या. अपुरा वाटलेला दावा फेटाळायचा नाही, फेरविचाराला परत पाठवायचा, हा नियम १२अ मधलाच भाग. परत आलेलं पत्र बघून पुष्कळ गावं हाय खातात आणि तिथेच थांबतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा सादर केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये उपविभागीय समितीने शिफारस केली आणि नस्ती, म्हणजे फाइल, जिल्हास्तरीय समितीकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ऑगस्टमध्ये सुनावणी झाली. आम्ही सात जण गेलो, चार बाया. वीस मिनिटं बोलायला मिळालं. हिरड्याच्या फांदीचा नियम मी वाचून दाखवला तेव्हा समोरून विचारलं गेलं, "हा नियम कुणी करायला सांगितला?" समितीतल्या एका काकींनी सांगितलं, "कुणी नाय. आमचाच व्हता, इसरलो व्हतो." ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, पुन्हा थांबलं. आणि मग जानेवारी.

अधिकारपत्रात ३७१ हेक्टर आहेत, आम्ही मागितले होते ४१२. एक कक्ष, म्हणजे वनखात्याने पाडलेला जंगलाचा एक तुकडा, वगळला आहे, त्यातच म्हातारीचं पाणी येतं. पत्र हातात आलं त्या दिवशी पेढे वाटले, आणि रात्री नकाशा पसरून पाहिला तेव्हा हे कळलं. मिळालेलं अधिकारपत्र घरी नेण्याआधी कक्ष क्रमांक आणि क्षेत्र एकेक ताडून बघा. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे अपील करता येतं, राज्यपालांच्या मे २०२० च्या अधिसूचनेने ती सोय झाली आहे. मार्चमध्ये आम्ही अपील दिलं.

फेब्रुवारीत व्यवस्थापन समिती केली. आता हिरड्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते, तसा छापील पावती-पुस्तकाचा गठ्ठा करून घेतला. पहिला परवाना आजीच्या नावाने फाडला. त्याच महिन्यात वनरक्षक आणि गावातली पोरं मिळून वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढल्या, आणि ज्या झाडांवर शेकरूची घरटी आहेत त्यांना गेरूचा पट्टा ओढला. अशी ५७ झाडं निघाली. पट्ट्याच्या झाडाचा हिरडा कुणी वेचायचा नाही. हंगाम मात्र यंदा वाईट गेला. मे महिन्यात पाऊस इतक्या लवकर आला की खळ्यात पसरलेल्या बाळहिरड्याला, म्हणजे कोवळ्या हिरड्याला, बुरशी धरली. निम्मा माल फेकावा लागला. घरात पैसा नसताना पट्ट्याच्या झाडांखालून मान वर करून जाणं सोपं नव्हतं. एका घराने दोन झाडं वेचली. सभा झाली, नारळ आणि शिधा दंड बसला, त्यांनी तो दुसऱ्या दिवशी आणून दिला.

अपिलाची सुनावणी अजून लागलेली नाही. म्हातारीच्या पाण्याबद्दल आजीचा नवा जबाब जोडला आहे, अडीच महिने डोक्यावरून पाणी नेल्याचा. सहा पानं झाली. मी शाईची नवी डबी नेली होती. प्रत्येक पानाला ती अंगठा पुसायची, पदराला, आणि पुन्हा टेकवायची. सहा पानं, सहा अंगठे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेऊन आले आहे.